जामीन राहिलेला पासपोर्ट

भारतीय पासपोर्ट हा भारत सरकारच्या मालकीचा असतो, हे त्याच्यातच छापलेले आहे. तरीही नव्वदच्या दशकात शारजातील आमच्या कंपनीत प्रत्येक कर्मचाऱ्याचा पासपोर्ट मॅनेजरच्या तिजोरीत असे. हे बेकायदा आहे, असे मी त्याला वर्षानुवर्षे लेखी कळवत आलो होतो. पत्र हाती पडले की तो हसून "इन्शाल्ला" म्हणे आणि फाइलला लावून टाके. रजेवर जाताना पासपोर्ट मिळे, पण त्यासाठी एखाद्या सहकाऱ्याला जामीन राहावे लागे. रजेवर गेलेला परत येऊन पासपोर्ट जमा करेपर्यंत त्या सहकाऱ्याला स्वतःचा पासपोर्ट मिळत नसे.

मी आणि पत्नी बैरूतला जायला निघालो तेव्हा माझ्यासाठी जामीन राहिला आमचा स्टोअरकीपर. रत्नागिरीकडचा, माझ्याच वयाचा. मी शनिवारी सकाळी कामावर हजर होणार आणि त्याच संध्याकाळी तो लेकीच्या निकाहसाठी मुंबईचे विमान पकडणार, असे ठरले.

"वकीलसाहेब, खुशाल जा," तो म्हणाला. कायद्याची पदवी घेऊन मी हिशेबनीस झालो, म्हणून हे नाव. "फक्त तिथल्या पोलिसांना कलमं शिकवत बसू नका. माझी पोरगी नवरी होऊन बसलीय."

बैरूतमधील हॉटेलात काउंटरमागे चाळिशीची, सिगारेट ओढणारी बाई होती. मी दोघांचे पासपोर्ट तिच्यापुढे सरकवले, किल्ली घेतली, बॅगा खोलीत टाकल्या आणि आम्ही समुद्राकडे निघालो.

त्या रस्त्यावर मला धक्क्यावर धक्के बसत गेले. गोळ्यांनी चाळण झालेल्या इमारतीच्या तळमजल्यावर लोक आरशांपुढे बसून केस कापून घेत होते. अर्ध्या चड्डीतल्या मुली धावत होत्या आणि त्यांच्या शेजारून बुरख्यातल्या आज्या तीळ लावलेले पाव खात चालल्या होत्या. अजान चालू असतानाच कुठेतरी चर्चची घंटा वाजली आणि कोणीही मान वर केली नाही. एका टॅक्सीवाल्याने लाल सिग्नल सरळ तोडला. पोलिसाने त्याला अडवले, तर तो खाली उतरून पोलिसालाच झापू लागला. मी पत्नीचा हात धरून दहा पावले मागे सरलो. शारजात त्या माणसाला रात्र कोठडीत काढावी लागली असती. इथे दोघांनी मनसोक्त भांडून घेतले, मग पोलिसाने त्याच्याकडून काडेपेटी मागून घेतली.

"या शहरात कायदा नावाची वस्तू नाही," मी म्हणालो.

"अहो, जरा समुद्र बघा," पत्नी म्हणाली.

तेवढ्यात मागून हाका आल्या. हॉटेलातली ती बाई धापा टाकत येत होती. तिच्या हातात आमचे पासपोर्ट होते.

"हे विसरलात."

"विसरलो नाही. तुमच्याकडे दिले आहेत."

"कशाला?"

"ठेवायला."

"मी नंबर उतरवून घेतले. आता मी यांचं काय करू?" तिने माझ्याकडे निरखून पाहिले. "हबीबी, हे तुमचे आहेत."

पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडेच हवा, हे मी वर्षानुवर्षे पत्रांतून लिहीत आलो, तेच एका परक्या बाईने भर रस्त्यात मलाच सुनावले होते.

"घ्या की," पत्नी म्हणाली. "आहेर नाकारल्यासारखे काय उभे राहिलात?"

परतीपर्यंत माझा पासपोर्ट शर्टाच्या खिशात होता. लाटा बघतानाही मी वरून चाचपून पाही. जितक्या वेळा चाचपला, तितक्या वेळा मॅनेजरचा संताप आला. शेवटच्या संध्याकाळी मी जाहीर केले, "हा मी परत देणार नाही."

पत्नी मासे पकडणाऱ्यांच्या लांब काठ्यांकडे बघत होती. "आणि जामीन राहिलेत त्यांच्या मुलीचं लग्न?"

"त्याचा त्याला मिळालाच पाहिजे. माझ्या पासपोर्टशी त्याचा संबंध कायद्यात कुठेही नाही."

"कायद्यात नसेल," ती म्हणाली.

शनिवारी मॅनेजरने नेहमीप्रमाणे हात पुढे केला. मी उभा राहूनच सांगितले की ही भारत सरकारची मालमत्ता आहे, ती ताब्यात ठेवण्याचा अधिकार त्याला नाही आणि जामीनही तितकाच बेकायदा आहे. त्याने शांतपणे सगळे ऐकून घेतले.

"तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला. "ठेवा तुमच्याकडे. मग जामीन सुटणार नाही, इतकंच."

दारात स्टोअरकीपर उभा होता. हातात तिकीट, केसांना ताजी मेंदी. नजर त्याने जमिनीवरच ठेवली. त्याने एक शब्द जरी विनवणीचा काढला असता, तरी मला भांडता आले असते.

मी खिशाचे बटण काढले आणि पासपोर्ट टेबलावर ठेवला. तिजोरी उघडली, माझा आत गेला, त्याचा बाहेर आला.

जिन्यात त्याने विचारले, "कसं होतं तिकडे, वकीलसाहेब?"

मी त्याला त्या बाईची हकीकत सांगितली. पासपोर्ट परत द्यायला ती कशी रस्ताभर धावत आली, तेही सांगितले. दोन पायऱ्या खाली जाऊन तो थांबला.

"परत द्यायला?" त्याने आपला पासपोर्ट आतल्या खिशात खोल सारला. "मग त्यांची तिजोरी बिघडली असेल."