हल्ली मुक्काम

इथले गूढ अनुभव वाचून मी आजवर नुसता हसत आलोय, हे आधीच कबूल करतो. सासूबाईंनी दारात लिंबू-मिरची बांधली तर तीच मिरची तोडून मी जेवताना तोंडी लावतो... असला माणूस मी! त्यात प्रोग्रामर. 'कॉम्प्युटर सांगितलं तेवढंच करतो, चूक झाली तर आपली', हे माझ्या कॉम्प्युटर क्लासमधल्या पोरांना घसा फोडून सांगितलेलं. म्हणूनच ही गोष्ट इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही.

साल ९६. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका जिन्याखाली माझं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. एक कॉम्प्युटर, त्यात मराठी अक्षरांचं कार्ड आणि कर्रकर्र करणारा प्रिंटर. टर्बो सी मध्ये मी स्वतः एक प्रोग्राम लिहिला होता. त्याला दोन फायली लागायच्या. एकीत पत्रिकेचा साचा, म्हणजे ठरलेला मजकूर, आणि बदलणाऱ्या जागी कंसात खुणा — <वधू>, <वडील>, <गाव> अशा. दुसरीत त्या घरची माहिती. प्रोग्राम साचा उघडून एकेक अक्षर वाचत जायचा, कंस लागला की आतली खूण बघायचा आणि माहितीच्या फायलीतला मजकूर आणून तिथे बसवायचा. शंभर ओळीसुद्धा नव्हत्या, पण गर्व केवढा होता मला त्याचा!

मे महिन्यातली सकाळ, अकराचा सुमार. दहिवडीकडच्या एका गावातून दोघं आली. हौसाबाई, पंचेचाळिशीच्या, आणि त्यांचे दीर गौतमअण्णा. हौसाबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. घर बौद्ध. मी आमच्याकडच्या साच्यातला वरचा गणपती काढून 'शुभविवाह'चं 'मंगल परिणय' केलं होतं; झाला बौद्ध साचा, असं माझं अगाध ज्ञान. मुलीचे वडील वारलेत असं अण्णा म्हणाले, मी पहिला नमुना काढून दिला, आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"आवं साहेब, आमच्यात 'कै.' न्हाई लिवत. कैलासाला कोण चाललंय हितं? 'कालकथित' लिवा. आन जित्त्या माणसाला 'आयु.'"

आयु. म्हणजे आयुष्मान. मी खजील झालो. साताऱ्यात जन्म गेला आणि एवढं माहीत नव्हतं. निमूटपणे साच्यात नावाआधी <उपाधी> अशी नवी खूण टाकली आणि माहितीत 'कालकथित' लिहिलं.

"भावजी, त्यास्नी मेल्यालं कुणी बघितलंय?" हौसाबाई पहिल्यांदाच बोलल्या.

तेव्हा कळलं. नवरा यशवंत कामाला मुंबईला गेला त्याला नऊ वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी दोन पत्रं आली, मग काहीच नाही. आता मुलाकडचे अडून बसले होते: बाप आहे की नाही ते पत्रिकेवर एकदाचं दिसू द्या, लोक विचारतात. घरच्यांनी बसून ठरवलं — नऊ वर्षं म्हणजे गेलाच.

"वैनी, ठरलंय न्हवं आपलं?" अण्णा म्हणाले.

"ठरलंय की. पन छापलं म्हंजी मी आजपास्नं रांडाव."

मला उगाचच अपराधी वाटलं. बटण मीच दाबणार होतो. दाबलं. कागद बाहेर आला: 'आयु. यशवंत सखाराम'.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. मुलीच्या काकांच्या, म्हणजे अण्णांच्या नावाआधी 'आयु.' होतं, प्रोग्रामने चुकून तेच उचललं असणार. माहितीतले सगळे 'आयु.' पुसले, पुन्हा काढलं. काकांचं 'आयु.' गेलं... वडिलांचं तसंच.

आता हट्टाला पेटलो. खूणच काढून टाकली आणि साच्यात सरळ 'कालकथित' टाइप केलं. म्हणजे शोधणं नाही, बसवणं नाही — जे लिहिलंय तेच उमटायला हवं. स्क्रीनवर 'कालकथित' दिसत होतं. कागदावर 'आयु.'

प्रोग्राम ओळीओळीने वाचला, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. शेवटी वडिलांची अख्खी ओळच साच्यातून उडवली, माहितीतूनही नाव पुसलं. आता यशवंत हा शब्द कुठल्याच फायलीत नव्हता. बटण दाबलं.

'आयु. यशवंत सखाराम, हल्ली मुक्काम मिरज'.

दहिवडीकडची निम्मी माणसं मुंबईला, म्हणून माझ्या साच्यात 'हल्ली मुक्काम' अशी जागा असायची खरी. पण यशवंतरावांची मी रिकामीच ठेवली होती. आणि मिरजेचं नाव तर त्या सकाळी कुणी काढलंच नव्हतं.

हौसाबाईंना वाचता येत नव्हतं. आमची तोंडं बघून त्या म्हणाल्या, "काय लिवलंय?"

खोटं बोलावं असं मनात आलं होतं. पण अण्णांनी कागद उचलला आणि वाचून दाखवला. त्या उठल्या, पदर खोचला.

"भावजी, मिरजंची गाडी कवा हाय?"

पुढचे आठ दिवस मी धड जेवलो नाही. तिथे कुणी सापडलं नाही तर त्या बाईचं काय होईल? नऊ वर्षांनी कसंबसं घट्ट केलेलं मन माझ्या मशीनने पुन्हा उकरून ठेवलं होतं. मधल्या काळात दुसऱ्या चार पत्रिका त्याच प्रोग्रामवर काढल्या. एका अक्षराची चूक नाही.

नवव्या दिवशी हौसाबाई एकट्याच आल्या. पाणी दिलं, ते प्यायल्या.

"हायती," म्हणाल्या. "तीन दिस वस्त्यांमधनं इच्यारत फिरलो. सायकलीचं दुकान हाय. बायकू हाय, दोन लेकरं हायती. त्या बाईनं मला च्या दिला, दादा."

"आणि ते?"

"मला वळखतच न्हाई म्हनलं. म्या बी म्हनलं, चुकून आले."

मला फार वाईट वाटलं, आणि त्या माणसाचा रागही आला. हौसाबाई रडल्या नाहीत.

"आता लिवा कालकथित."

"मावशी, पण ते तर जिवंत..."

"त्ये ठावं हाय मला. माज्या लेकीच्या पत्रिकंवर मी सांगीन त्येच लिवायचं."

मी <उपाधी> आणि वडिलांची ओळ पुन्हा घातली, माहितीत नाव आणि 'कालकथित' भरलं. पहिल्या दिवशी केलं होतं अगदी तसंच. प्रोग्रामला हात लावला नाही. बटण दाबलं आणि पहिल्याच फटक्यात कागदावर आलं: 'कालकथित यशवंत सखाराम'. हल्ली मुक्काम रिकामा.

"हितं हाय का त्यो शब्द?" त्यांनी बोट ठेवून विचारलं. मी हो म्हणालो. बोट बराच वेळ तिथेच होतं. मग म्हणाल्या, "तीनशे काढा."

तो प्रोग्राम नंतर मी पुण्यातल्या दोन जाणकारांना दाखवला. त्यांना काही सापडलं नाही. पहिल्या वेळी मशीनने ऐकलं नाही, ती एक वेळ माझीच कुठलीतरी चूक म्हणेन, मिरज योगायोग म्हणेन. पण दुसऱ्या वेळी तिने हौसाबाईंचं निमूट ऐकलं, त्याला काय म्हणू?