एकच थाप, दोन भाषांत

मालुबाईचा आवाज असा, की तिनं सोप्यात बसून हाक मारली तर चार घरं पलीकडची बाई दचकून पदर सावरायची. निपाणीत बिड्या वळण्यात निम्मं आयुष्य गेलं, पण जर्दा काही त्या आवाजाला बाधला नाही. माहेर बोरगावचं. धाकटी बहीण जयाबाई तिथंच गावात दिलेली, आणि गावच्या व्हॉट्सअप ग्रुपचा अ‍ॅडमिन जयाबाईचा नवरा परशराम.

कोरोनाची दुसरी लाट आली आणि त्या ग्रुपची तऱ्हाच बदलली. आधी कसं, सकाळी फुलं, दुपारी कुणाच्या बारशाचे फोटो. आता नुसते काढे, शपथा आणि भीती. त्यातच एक व्हॉइस मेसेज आला. कुणी बाप्या रडत सांगत होता, "बेळगावात मराठी माणसाला बेड देत न्हाईत. माझ्या आईला दारातनं परत लावलं. पुढं पाठवा." परशरामनं तो दोनदा फिरवला.

नेमका तेव्हाच जयाबाईला ताप चढला. खोकला आधीपासून होता, पण त्याकडं बघतंय कोण? तीही बिड्याच वळायची, आणि बिडीवाली खोकली की सगळे म्हणणार, जर्द्याचा ठसका. ती स्वतःही तेच म्हणत बसली. मग दम लागायला लागला. डॉक्टरनं सांगितलं, आत्ताच्या आत्ता बेळगावला न्या, ऑक्सिजन लागणार. तर ही बया घरी येऊन अंथरुणावर पडली आणि फोनवर म्हणते कशी, "आक्का, मरायचं तर घरात मरीन. तिथं दारात कशाला?"

मालुबाईनं मांडीवरचं सूप बाजूला आदळलं. पानं सोपाभर झाली. शेजारी बायाक्का बसली होती. ती कन्नड बोलणारी, पण दोघींची सुपं रोज एकाच सोप्यात. काय झालं म्हणून तिनं विचारलं, तेव्हा मालुबाईनं तो मेसेज लावला. बायाक्काचा हात थांबला. तिनं आपला फोन काढला, कन्नड ग्रुपवरचा एक मेसेज लावला आणि मराठीत सांगत गेली, "कोल्हापुरात कन्नड माणसाला बेड देत न्हाईत. माझ्या आईला दारातनं परत लावलं. पुढं पाठवा."

"अगं, आई बी तीच, दार बी तेच! मेल्यानं नुसतं गाव बदललं की गं!" मालुबाई असली भडकली, की जीभ आवरेना. "चल बोरगावला. हे तुझ्या तोंडानं सांग तिला."

अँब्युलन्स घेऊन दोघी पोचल्या, तर परशराम दारातच आडवा. "आक्का, तिथं आपल्याला कोण इचारतंय?"

"इचारत्यात का न्हाय ते मी बघतो. पाव्हणं, बाजूला सरा!" मालुबाई कडाडली.

दोन्ही मेसेज लावून झाले. जयाबाई डोळे मिटून ऐकत होती. बायाक्का म्हणाली, "आमची लोकं कोल्हापूरला भ्यालीत, तुमची बेळगावला. दवाखाने तिथंच हाईत जयाबाई, माणसं घरात मरायलीत."

"आणि न्हायच दिला बेड तर?" जयाबाईनं विचारलं.

"तर मी दारात बसून हाक मारीन," मालुबाई म्हणाली. "सगळं बेळगाव गोळा हुईल."

एवढ्या दमातही जयाबाईला हसू आलं. तिनं उठायला हात पुढं केला.

बेळगावात बेड लगेच मिळाला असं काही नाही. पडवीत ताटकळावं लागलं. पुढची म्हातारी कन्नड, मागचा माणूस उर्दू बोलणारा, आणि ताटकळणं सगळ्यांचं सारखंच. संध्याकाळी जयाबाईला आत घेतलं. हाक मारायची वेळ आली नाही.

आठवडा असाच गेला. मग एका दुपारी बिड्या वळताना बोरगावच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज आला. आवाज जयाबाईचा, तुटक, पण तिचाच. "मी बेळगावात हाय. बेड मिळाला. आमच्या मालकांनी ऐकावं... ती थाप दोनदा फिरवलासा न्हवं? आता ह्ये पुढं पाठवा."

मालुबाईनं तोंड उघडलं, पण आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज फुटला नाही. तिनं डोळे पुसले आणि फोन बायाक्कापुढं धरला.

"बोल," ती कशीबशी म्हणाली. "तुझ्या भाषेत बोल. तुमच्या ग्रुपवर बी जाऊ दे."