काटा की हात

चिंचपोकळीच्या एका गाळ्यात काट्याचे मीटर दुरुस्त करणारे एक काका बसत. नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये दरवर्षी कुणीतरी पोरगं अ‍ॅमीटर थेट सप्लायला जोडून जाळायचंच. तो पिशवीत घालून मी त्यांच्याकडे न्यायचो.

"कोणी शिकवल्यान रे ह्येंका?" ते विचारत. शिकवणारा मीच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

काचेवर नखाने टिचकी मारून, एक डोळा मिटून ते आधी काटा शून्यावर आणत. त्याशिवाय पुढचं काही मोजत नसत.

गेल्या महिन्यात शेवटचा मीटर आणायला गेलो. लॅबमध्ये आता सगळे डिजिटल आलेत, हे सांगायचं होतं. दुरुस्त झालेला मीटर टेबलावर होता, एकही वायर न जोडलेला. काका स्क्रूड्रायव्हर धरून त्यावर वाकले होते.

"सांग रे, काटो हलता की माझो हात?"

काटा शून्यावर गप्प उभा होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक काचेवर टकटक वाजत होतं.

"काटा, काका."

त्यांचा जीव भांड्यात पडला. "मगे होतलो बरो," म्हणाले, आणि तो धडधाकट मीटर त्यांनी पुन्हा उघडायला घेतला.