डावा कौल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि देवाला तर — त्याला काय सांगणार? त्याच्याच नावावर तर खपवलं सगळं. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आमच्या घाटकोपरच्या चाळीत लोक मला अजून अन्नपूर्णा म्हणतात. ते ऐकलं की डोकं फिरतं माझं.

गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. माझा नवरा विक्रोळीच्या कारखान्यात, त्याच्या नोकरीला धक्का नव्हता. समोरच्या खोलीतल्या शालूचा नवरा मात्र गिरणीत. शालू माझ्याच गावची, मालवणकडची. दोघींचं ग्रामदैवत एक. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता, घट मांडला होता, चार बायका जमल्या होत्या, आणि सगळ्यांसमोर मी बोलून गेले — संप मिटेपर्यंत रोज माझ्या घरून शालूकडे जेवण जाईल, हा माझा नेम. बायका बघतच राहिल्या. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू?

व्रताला उद्यापन असतं. शेवटच्या गुरुवारी सवाष्णींना बोलवायचं, हळदीकुंकू लावायचं, हातात फळ ठेवायचं, झालं. पुरे म्हटल्याचा देवालाही राग येत नाही. पण मी माझ्या नेमाला शेवट कुठला दिला? संप मिटेपर्यंत. आणि संप मिटलाच नाही. कुणी मागे घेतला नाही, कुणी जिंकलं नाही. माणसं कंटाळून दुसऱ्या कामाला लागली, कुणी गावी गेली, आणि संप आपला तसाच राहिला. मी रोज जेवणाचा टोप भरत राहिले.

बरं, तेवढ्यावर तरी थांबावं? सोमवार धरले, गुरुवार होतेच, मग संकष्टी, मग एकादशी, शिवाय रोज अकरा माळा जप. एकदा नळावर चक्कर येऊन पडले. शुद्धीवर आले आणि आधी शालूचा टोप भरला, मग आडवी झाले. कुणी सांगितलं होतं? तिच्या नवऱ्याला तोवर भाजी मार्केटात कामही मिळालं होतं, ओढाताण करून त्यांचं भागलं असतं. पण नको म्हटलं तर माझा नेम मोडेल, म्हणून शालू घेत राहिली. आणि फुकट नको म्हणून रोज सकाळी माझे दोन हंडे भरून दारात ठेवायची. हे सगळं मला कळत होतं. कळूनही मी चिडत होते — तिच्यावर. मी नेम केला, आणि राग तिचा. आहे की नाही कमाल?

एक दिवस रिकामा टोप परत देताना ती सहज म्हणाली, आज मीठ जरा कमी पडलं गं. घरच्या माणसाला म्हणावं तसं म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दीड वर्ष मी उपाशी पोटी हिच्यासाठी रांधते आणि ही मिठावरून खोड काढते! त्याच क्षणी सांगायचं होतं — शालू, आता पुरे, मला झेपत नाही. एवढंच. ती रागावलीसुद्धा नसती. पण मग माझं नाव? चार बायकांसमोर घेतलेला नेम? मी हसले आणि टोप घासायला घेतला.

शिमग्याला गावी गेले. आमच्याकडे मोठी गोष्ट ठरवायची तर देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर फुलं चिकटवतो, उजवीकडचं पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. मी देवळात गेले, नारळ ठेवला आणि परत फिरले. कौल लावलाच नाही. आणि इथे आल्यावर शालूला दारात उभी करून म्हणाले, "देवान डावो कौल दिल्यान. माज्या घरातला जेवान तुज्या घरात जावक नको, असा म्हणता."

मला वाटलं, ती जरा हिरमुसेल आणि विषय संपेल. किती सोपी वाट काढली मी! नेम मी मोडला नाही, देवाने मोडला.

ती पांढरीफटक पडली. "माजा काय चुकला गो?" म्हणाली.

एवढंच विचारलं. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं — आम्ही एकाच देवाची माणसं, तो तिच्या घराला नको म्हणाला तर ती दोष स्वतःतच शोधणार. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, मला काय माहीत.

दुसऱ्या दिवसापासून तिने माझ्या हंड्यांना हात लावला नाही. उंबऱ्याच्या आत येईना. सोमवार धरले. मग तिला आठवलं, मुंबईला आल्यापासून गावच्या शेताच्या राखणदाराला, शेत राखणाऱ्या त्या देवाला, वर्षाचा कोंबडा दिलेला नाही. मग गिरणी बंद पडली तीही त्याच्याच कोपाने, सासू गेली तीही त्यानेच. मे महिन्यात त्यांनी खोली सोडली, देवाचं नीट करायला. नवऱ्याचं मार्केटातलं काम सुटलं, मुलगी मंगल नववीत जाणार होती तिची शाळा सुटली. जाताना शालूने उंबऱ्याबाहेरूनच वाकून मला नमस्कार केला. माझ्यामुळे तुझ्या नेमात खंड पडला, म्हणाली. मी तिला कुंकू लावलं. होय, लावलं, आणि नमस्कारही घेतला.

गावी त्यांनी कौल लावला, हे आईच्या पत्रातून कळलं. उजवा आला. काही चुकलेलं नाही, देवाने स्वच्छ सांगितलं. शालूला ते पटलं नाही. म्हणाली, देव माझं मन राखतोय, पहिला कौल खरा.

याला पाच वर्षं झाली. त्या मार्गशीर्षात मी थाटात उद्यापन केलं, सवाष्णींना जेवायला घातलं, सगळे उपास सोडले. आता दोन वेळा पोटभर जेवते. शालूचे सोमवार अजून चालू आहेत, आई लिहिते, पार वाळली आहे. तिचा पत्ता माझ्याकडे आहे. एका पोस्टकार्डात मावेल एवढंच लिहायचं आहे. मी ते लिहिलेलं नाही.