नव्या मॅडम मासे खात नाहीत

सरावलीला एका संशोधन संस्थेचं छोटं ऑफिस होतं. पाणी, हवा, मासळी यांचा माणसाच्या तब्येतीवर काय परिणाम होतो, ते तिथे तपासायचे. आम्ही चिंचणीचे लोक त्याला ‘बाटलीवालं ऑफिस’ म्हणायचो, कारण त्यांचा माणूस आला की विहिरीचं पाणी, खाडीचं पाणी, जे दिसेल ते बाटलीत भरून न्यायचा. त्या बाटल्यांचं पुढे काय व्हायचं ते कुणी विचारत नव्हतं.

विचारायचं कशाला? तिथले जुने सर आमचे होते ना! किनाऱ्यावर आले की कुठल्या ना कुठल्या घरी जेवायचे. आमच्याकडे तर कितीदा. पापलेट वाढा, बोंबील वाढा, सरांचं एकच, “वा, फक्कड!” पाणी कसं आहे विचारलं तरी, “छान आहे हो, काळजी नको.” असा साहेब बदलून गेला तेव्हा बायकांनी डोळ्यांना पदर लावला. माझी आई त्यात सगळ्यात पुढे.

पालघर जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. सरांच्या जागी मॅडम आल्या, देशावरच्या. पहिल्याच भेटीत बायकांनी नारळ दिला, ओटी भरली आणि पुढ्यात तळलेल्या घोळीची ताटली ठेवली. मॅडमनी हात जोडले. “मी मासे खात नाही.”

झालं! संध्याकाळपर्यंत बातमी डहाणूपर्यंत गेली. “मासे खात नाही ती मासे तपासणार? उद्या पोहता न येणाऱ्याला होडीचा तांडेल करा!” कुणी म्हणालं, वरून मुद्दाम पाठवली आहे. कुणी म्हणालं, वशिल्याची आहे. आईने तर निकालच लावला, “हिचं काय खरं नाही.”

आईचा राग नुसता हौसेचा नव्हता. ती मंगळवारी हायवेच्या बसने तलासरीच्या बाजाराला जायची. पाटीत अर्धे सुके बोंबील, अर्धी खाडीची ताजी बोय. त्या दिवसांत मोबाईलवर कुणीतरी मेसेज फिरवला होता की इकडच्या मासळीत विष आहे. गिऱ्हाईक पाटीपाशी यायचं, वाकायचं आणि गुजरातीत विचारायचं, “खाडीनी छे के?”, म्हणजे खाडीची आहे का. नाही म्हटलं तरी पुढे जायचं. पाटी भरलेली परत यायला लागली. बसमध्ये वास येतो म्हणून कंडक्टर जातानाच नाही, येतानाही कटकट करायचा. पाटी अशीच परत येत राहिली तर आईचा तलासरीचा बाजार कायमचा बंद होणार होता. ऑफिसने मासळी चांगली असल्याचं सांगितलं तरच तो टिकणार होता.

आणि ते सांगणार कोण, तर ही!

मॅडमनी मासळीही तपासायला नेली आणि निरोप धाडला, अमुक दिवशी निकाल सांगायला स्वतः येते. हे नवीनच होतं. आईने मग जे केलं ते मला अजून हसवतं. तिने नवं कोरं पातेलं आणलं, मासळीचा वास नसलेलं. “वरण-भात तरी खाईल ना? पोट भरलं की माणूस चांगलं बोलतं.” मी म्हटलं, “आये, याला लाच म्हणतात.” ती म्हणाली, “याला पाहुणचार म्हणतात. तू आपलं तुझ्या कारखान्यातलं टायपिंग कर.”

मॅडमनी आधी जेवायला नकार दिला. बोंबील सुकवायच्या जागेवर उभं राहून आधी निकाल सांगितला. “समुद्राची मासळी चांगली आहे. बोंबील बिनधास्त खा, विका. पण खाडीतली बोय आणि कालवं सध्या खाऊ नका. पोटुशी बाई आणि लहान मुलं, त्यांना तर अजिबात नको. पावसाळ्यानंतर मी परत तपासेन.”

कालवा उठला. “न खाणारी बाई आमच्या मासळीला नावं ठेवते!” आई उन्हातले बोंबील उलटायला लागली. तिची अर्धी पाटी गेली होती. मला तिच्याकडे बघवेना, आणि खरं सांगते, त्या बाईचा मलाही संताप आला.

पण जेवणाच्या वेळी दारातल्या माणसाला उपाशी कसं पाठवणार? आईने ताट वाढलं, आदळलंच म्हणा. मॅडमनी घास घेतला. सगळी आळी दारातून बघत होती.

“थोडं खारट झालंय,” मॅडम म्हणाल्या. “पण भूक लागलीय, वाढा अजून.”

आईने त्यांच्याकडे पाहिलं. मग डावातलं वरण बोटाला लावून चाखलं. जन्मभर मासे खारवलेला हात, वरणात तसाच पडला होता. आई खो खो हसायला लागली. मॅडमही हसल्या.

त्या घटकेपासून आई विचारात पडली. रात्री भांडी घासताना एकदम म्हणाली, “सर इतकी वर्षं माझ्याकडं जेवले. एकदा तरी मीठ जास्त झालं असंल की नाही? मग सगळंच फक्कड कसं गं?” आमच्या वहिनीला तेव्हा सातवा महिना होता आणि सरांच्या भरवशावर आम्ही तिला रोज खाडीचीच बोय खायला घालत होतो. दुसऱ्या दिवसापासून बंद केली.

पुढच्या मंगळवारी मी रजा टाकून आईबरोबर तलासरीला गेले. पाटीत फक्त बोंबील. निम्मी पाटी रिकामी, पण आई ऐटीत बसली होती. नेहमीची एक बाई वाकली, “खाडीनी छे के?”

“खाडीची मासळी आता मी आणत नाय. ती खायची नाय, पोरांना तर नायच. हे बोंबील समुद्राचे, चांगले आहेत.”

स्वतःचाच माल वाईट म्हणणारी कोळीण त्या बाईने पहिल्यांदाच पाहिली असावी. तिने पिशवी उघडली. “कोणी सांगितलं?”

आई बोंबील मोजता मोजता म्हणाली, “जिला माझं वरण खारट लागलं, तिनं.”