काचेसारखी सर्पगंधा

"एवढी छान फुटलीत, मग द्यायला काय हरकत आहे?" प्रकाश सरांनी बाटली उजेडात धरली. म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीतली आमची टिश्यू कल्चर लॅब त्यांचीच. आत सर्पगंधेचे फुटवे दाटीनं वाढले होते. मला त्यांची पानं आवडली नव्हती. जाड, फुगलेली, काचेसारखी.

टिश्यू कल्चर म्हणजे झाडाचा लहानसा तुकडा निर्जंतुक बाटलीत, अन्न घातलेल्या जेलीवर वाढवायचा. जेलीत हार्मोनही घालतात. सायटोकायनिननं फुटवे येतात, ऑक्झिननं मुळं. ऑर्डर लवकर जावी म्हणून सरांनी सायटोकायनिनचा डोस वाढवायला लावला. मी नको म्हटलं होतं. आता पानांत पाणी भरलं होतं आणि मुळं धरत नव्हती. सर्पगंधेचं औषध तर मुळांमध्येच असतं.

"मुळं मातीत गेल्यावर येतील," सर म्हणाले.

तेवढ्यात माधवराव टेंपो घेऊन आलेच. सरगूरचे शेतकरी, पूर्वज म्हैसूरच्या फौजेतले, घरी अजून मराठी. त्यांच्याकडच्या जुन्या सर्पगंधेचे तुकडे आम्ही घेतले होते. नंतर ते मूळ झुडूप कुजून गेलं. राहिलं ते या बाटल्यांतच.

"अय्यो, केवढी दाट!" ते हरखले. मग हळूच मराठीत म्हणाले, "नेऊ का हो, शोभक्का? खरं सांगा."

सरांना मराठी येत नव्हती. ते आम्हा दोघांकडे बघत राहिले. 'नका नेऊ' म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं, पण सरांच्या पाठीमागे बोलल्यासारखं झालं असतं. मी कन्नडमध्ये म्हणाले, "सर, दोन रोपं बाहेर काढते. कॉफी होईपर्यंत बघू या."

एक रोप या बाटल्यांतलं, दुसरं आधीच्या कमी डोसचं. दोन्ही ट्रेमध्ये ठेवली. कॉफी संपायच्या आत काचेसारखं रोप आडवं झालं. दुसरं जरा मलूल झालं, पण उभं राहिलं.

"एसीची हवा कोरडी असते," सर म्हणाले.

"सरगूरला एसी नाही, सर. ऊन आहे."

सरांनी आडवं रोप बोटानं उभं करून पाहिलं. मग मला विचारलं, "नीट करायला किती वेळ?"

"या हंगामात लागवड होणार नाही."

माधवराव त्या आडव्या रोपाकडे बघत बसले. जमीन नांगरून ठेवली होती त्यांनी. शेवटी म्हणाले, "असू दे. झुडूप तर गेलंच. हे तरी राहू दे." टेंपो रिकामा परत गेला.

आम्ही सगळे फुटवे हार्मोन नसलेल्या जेलीवर हलवले. बरेच काळे पडून मेले. उरलेल्यांना हळूहळू नीट पानं आली. मग ऑक्झिन दिल्यावर मुळं सुटली. पुढच्या हंगामात माधवरावांनी ऑर्डरपेक्षा पुष्कळ कमी रोपं नेली. त्यातली बहुतेक जगली.

डोस वाढवला की फुटवे वाढतात, हे पुस्तकात असतं. त्यातून झाड होईल की नाही, हे बाटलीबाहेर काढल्यावरच कळतं.