न केलेल्या तासांचा मेहनताना

आदरणीय श्री. शिवशरण कलशेट्टी सर यंदा वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण करीत आहेत. त्यांच्याकडे मी पहिल्यांदा गेले ती नोकरी मागायला. सरांनी माझी प्रमाणपत्रं बाजूला ठेवली आणि एक कोरा कागद पुढे सरकवला.

"काल दिवसभर काय केलं ते लिहा. किती वेळ लागला तेही लिहा."

मी लिहिलं. त्यांनी ते सावकाश वाचलं.

"दुपारी दोन ते चार?"

"झोपले होते, सर."

"मग तसं लिहा की, येमूल मॅडम."

मी तसं लिहिलं आणि मला नोकरी मिळाली. तेव्हा मी जेमतेम तेवीस वर्षांची होते, तरी पहिल्या दिवसापासून सर मला 'मॅडम'च म्हणत आले आहेत.

सर चार्टर्ड अकाउंटंट असले तरी सोलापुरात त्यांची ओळख लिक्विडेटर म्हणून आहे. कंपनी बंद करण्याचा हुकूम झाला की तिची मालमत्ता ताब्यात घेऊन, विकून, ते पैसे कामगार आणि इतर धनकोंत वाटण्यासाठी नेमलेला माणूस म्हणजे लिक्विडेटर. त्याचा मेहनताना त्याच विक्रीतून निघतो, म्हणजे एका अर्थी कामगारांच्याच वाट्यातून. म्हणून तो न्यायालयाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. सर त्यासाठी रोजच्या कामाची आणि तासांची डायरी ठेवतात. या डायरीपायी त्यांनी काय सोसलं, हे फार थोड्यांना माहीत आहे. सरांच्या परवानगीने ते इथे सांगते.

कुंभारीच्या रस्त्यावर टॉवेलचा एक कारखाना होता. त्याचे आधीचे लिक्विडेटर श्री. दिगंबर शहापुरे काम अर्धवट असतानाच हृदयविकाराने गेले आणि ते काम सरांकडे आलं. शहापुरे साहेबांची डायरी कारखान्याच्या ऑफिसात टेबलावरच होती. उजवीकडे झुकलेलं अक्षर, लांब वेलांट्या. सरांनी त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली रेघ मारली आणि त्याच डायरीत पुढे लिहायला सुरुवात केली. डायरी कपाटात असे आणि कपाटाची एकुलती किल्ली माझ्या पर्समध्ये.

पहिल्याच आठवड्यात आम्ही गोदामातल्या सुताच्या गाठी, म्हणजे बांधलेले गठ्ठे, मोजल्या. बेचाळीस भरल्या. दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडून डायरी काढली, तर आदल्या दिवशीच्या नोंदीखाली एक ओळ होती : 'गाठी त्रेचाळीस. एक तास.' अक्षर झुकलेलं, वेलांट्या लांब.

मला वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. कारखान्यात आमच्याशिवाय एकच माणूस होता, मंद्रूपचा वॉचमन सिद्राम. मी त्याला विचारलं.

"मॅडम, मला सहीपुरतं लिवता येतंय. हितं दुसरं कोण येत न्हाय," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण टेबलापाशी खुर्ची सरकल्याली ऐकू येती. रोज दुपारी. मी आत जात न्हाय."

सर गोदामात गेले आणि त्यांनी गाठी स्वतः पुन्हा मोजल्या. त्रेचाळिसावी दाराच्या मागे उभी होती.

त्यानंतर अशा नोंदी येत राहिल्या. आठवड्यातून एखादी, कधी दोन. प्रत्येकीत सांगितलेलं काम खरोखरच झालेलं असे. विस्कटलेले कागद तारखेप्रमाणे लावलेले, यंत्रांवरच्या चिठ्ठ्या दुरुस्त केलेल्या. मी नोकरी सोडायचं मनाशी ठरवलं होतं. सरांच्या ते लक्षात आलं असावं. किल्ली त्यांनी स्वतःकडे घेतली आणि मला एवढंच म्हणाले, "उद्यापासून कपाट मी उघडत जाईन." नोंदी थांबल्या नाहीत, पण त्या पहिल्यांदा पाहण्याचं ओझं माझ्यावरून गेलं.

लिलावाच्या दिवशी सकाळी नोंद होती : 'मागील टाकी. खांब आतून गेला आहे. खाली कोणास उभे करू नये. अर्धा तास.'

बोली लावणाऱ्यांच्या खुर्च्या आम्ही पाण्याच्या त्या उंच टाकीच्याच सावलीत मांडल्या होत्या. सोलापूरचं ऊन, दुसरीकडे कुठे सावली नाही. खांब बाहेरून अगदी धड दिसत होता. सरांनी तो निरखून पाहिला, हात लावला नाही, आणि सगळ्या खुर्च्या फाटकाजवळ उन्हात नेऊन ठेवायला लावल्या. लोक कुरकुरले. तीनच्या सुमारास बोली चालू असताना मागे टाकी कोसळली. धूळ आमच्यापर्यंत आली. सर म्हणाले, "पुढची बोली सांगा."

पुढे मेहनतान्याचा अर्ज करायची वेळ आली. सरांनी पावणेदोन वर्षं या कामाला दिली होती. वॉचमनचा पगारही ते पदरचा देत होते. वकील म्हणाले, "हे तास तुमच्याच नावावर दाखवा. नाहीतर ती पानं लावूच नका."

सरांनी दोन्ही केलं नाही. त्या नोंदींना लाल खूण करून त्यांनी शपथपत्रात लिहिलं : 'या तासांचं काम मी केलेलं नाही. त्यांचा मेहनताना मी मागत नाही.'

न्यायमूर्तींनी विचारलं, "मग हे काम कुणी केलं?"

"मी केलेलं नाही, एवढंच मी शपथेवर सांगू शकतो," सर म्हणाले.

"अक्षर कुणाचं आहे?"

"माझ्या आधीच्या लिक्विडेटरांचं. या तारखांना ते हयात नव्हते."

डायरीवर पूर्ण विसंबता येत नाही, असं म्हणून न्यायालयाने सरांच्या स्वतःच्या तासांचाही निम्माच मेहनताना मंजूर केला. वकिलांनी अपील सुचवलं. सर म्हणाले, "न्यायमूर्तींच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं."

त्यानंतर सर मला घेऊन शुक्रवार पेठेत शहापुरे साहेबांच्या पत्नीकडे, शहापुरे काकूंकडे गेले. "बर्री, कूडरी," म्हणत काकूंनी आम्हाला बसवलं. सरांनी कानडीतच त्यांना सगळं सांगितलं आणि डायरी पुढे ठेवली. काकूंनी ओळींवरून बोट फिरवलं.

"शेवटी शेवटी हात थरथरायचा त्यांचा," त्या मराठीत म्हणाल्या. "इथं थरथरलेला नाही." मग डायरी मिटून सरांकडे देत म्हणाल्या, "त्यांना कुणी सांगितलंच नसेल. तुम्ही सांगा."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही कारखान्यात गेलो. सरांनी डायरी टेबलावर ठेवली आणि रिकाम्या खुर्चीसमोर उभे राहिले.

"शहापुरे साहेब, विक्री झाली. वाटपाची यादी मंजूर झाली. कामगारांना पैसे मिळतील. आता तुम्ही थांबा."

डायरी कपाटात ठेवून आम्ही निघालो. दोन दिवसांनी कारखान्याचा ताबा द्यायला गेलो, तेव्हा सरांनी ती उघडून मला दाखवली. पानावर दोनच शब्द होते : 'काम पूर्ण.' पुढे तास लिहिलेले नव्हते. त्यानंतर नोंद आली नाही.

अलीकडे सर आपल्या जुन्या फाइली एकेक करून बंद करताहेत. ते पाहून आम्हा कनिष्ठांना कसंतरीच होतं. परवा मी विचारलं, तर म्हणाले, "घाई नाही हो. आपल्यामागं काही अर्धवट राहू नये, एवढंच."

सर, आमची इच्छा नेमकी उलटी आहे. तुमच्या टेबलावर नवी कामं येत राहोत. ती करायला डोळे, हात आणि गुडघे तुम्हाला शंभरी पार होईपर्यंत साथ देत राहोत. आणि कधीतरी खूप वर्षांनी, सगळं आटोपल्यावर, जिच्यातून कुणीही कामाला परत बोलावणार नाही अशी निवांत विश्रांती तुम्हाला लाभो.